एका वेताला दोन

दखनी मेंढी एका वेताला एकच कोकरू देते. शंभर मेंढ्या व्याल्या तर कोकरं एकशेदोन-तीन, फार तर एकशेपाच. माण, खटाव, फलटण, सांगोला, जत, संगमनेर या कोरड्या पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या हाच हिशेब चालत आला, आणि त्यात कुणाला काही खटकत नव्हतं. मेंढीचं जिणंच तसं होतं. दिवसभर माळ तुडवायचा, मिळेल ते खुरटं गवत आणि बाभळीच्या शेंगा खायच्या, तेवढ्यावर पोटातलं कोकरू वाढवायचं आणि व्याल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पुन्हा कळपामागे चालू लागायचं. जुळं झालंच तर धनगरणीला कौतुकापेक्षा काळजी जास्त. दोघांना पुरेल एवढं दूध आईला येणार कुठून?

सह्याद्रीच्या पलीकडे, जव्हार-मोखाड्यात, चित्र अगदी वेगळं दिसतं. वारली, कोकणा, ठाकूर, महादेव कोळ्यांच्या पाड्यांवर घरटी दोन-चार शेळ्या असतात आणि शेळीला दोन करडं झाली तर ती बातमी होत नाही. मेंढीपालन मात्र तिथला धंदा नव्हे. चार महिने कोसळणारा पाऊस आणि त्यानंतरही ओल धरून राहणारी जमीन लोकरीच्या जनावराला मानवत नाही. खुरं कुजतात, पोटात जंत होतात. शेळी आणि मेंढी इतक्या जवळच्या असताना एकीला जुळं सहज व्हावं आणि दुसरीला नवसासायासानेही होऊ नये, असं का? आणि ते बदलता येईल का? या प्रश्नाचा पाठपुरावा महाराष्ट्रात फलटणला झाला. त्याच्या उत्तराची पाळंमुळं मात्र बंगालच्या खाड्यांत आहेत, आणि तिथून फलटणला येणारी वाट ऑस्ट्रेलियावरून गेली.

आधी देशावरचा काळ पाहायला हवा, कारण प्रश्न तिथल्या गरजेतून उभा राहिला. स्वातंत्र्यानंतर बराच काळ सरकारी मेंढीविकास म्हणजे लोकरविकास होता. दखनीची लोकर जाडीभरडी आणि बहुतेक काळी. तिची घोंगडी होते, जेन म्हणजे लोकरी अंथरूण होतं, तलम कापड होत नाही. ती सुधारावी म्हणून मेरिनो आणि रॅम्बुले जातीचे मेंढे आणून संकर केले गेले. परदेशी रक्ताच्या या मेंढ्या दुष्काळी माळावर चालायला कमी पडल्या. दरम्यान बाजारच फिरला. घोंगडीचं गिऱ्हाईक आटत गेलं आणि मटणाचा भाव चढत गेला. 1990 च्या सुमारास परिस्थिती अशी होती की लोकर विकून कातरणाऱ्याची मजुरी निघाली तरी पुष्कळ. धनगराचं घर चालत होतं ते तीन-चार महिन्यांची नर कोकरं व्यापाऱ्याला विकून, आणि शेतात मेंढरं बसवल्याबद्दल मिळणाऱ्या धान्यावर आणि पैशावर.

उत्पन्न कोकरावर अवलंबून असेल तर कोकरांची संख्या हाच मुद्दा ठरतो. मेंढी एक कोकरू देवो की दोन, वर्षभर चरते ती जवळपास तेवढंच. कुरणं आकसत चालली आहेत, कळप वाढवायला जागा नाही. तेव्हा वर्षाला विकायला मिळणारं कोकरू त्याच मेंढीकडून जास्त मिळालं पाहिजे. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत, म्हणजे सगळे जिला ‘नारी’ म्हणतात तिथं, या विचाराने काम सुरू झालं. संस्था 1968 सालची, बनबिहारी निंबकर यांनी काढलेली. त्यांच्या आई कमलाबाई मूळच्या अमेरिकन, एलिझाबेथ लंडी. भारतात व्यवसायोपचाराचं शिक्षण सुरू करण्याचं श्रेय त्यांना जातं. पत्नी जाई निंबकर कथा-कादंबरीकार, इरावती कर्व्यांच्या कन्या. परंपरेने चालत आलं म्हणून एखादी गोष्ट मान्य करायची नाही, हा या घराचा स्वभाव संस्थेतही उतरला. कपाशी, करडई, गोड ज्वारी यांवर तिथं आधीपासून काम चालू होतं. 1990 साली पशुसंवर्धन विभाग उघडला आणि निंबकरांच्या कन्या चंदा निंबकर यांनी मेंढीचा प्रश्न हाती घेतला.

सरळ मार्ग निवडीचा. ज्या मेंढ्यांना जुळं होतं त्यांची प्रजा ठेवायची, पिढ्या मोजत जायचं. तो मार्ग दखनीत जवळपास बंद होता. वेताला किती कोकरं होतात यात वारशाचा वाटा फार थोडा, ढोबळमानाने दहाव्या हिश्शाइतका. बाकी सगळं चारा, वय, हंगाम आणि अंगावरचं मांस यांचं काम. त्यात जुळंच मुळी शंभरात दोन-तीन. एखाद्या मेंढीला एखाद्या वर्षी जुळं झालं म्हणून तिच्या लेकीला होईलच असं नाही. या गतीने जायचं तर दोन माणसांची आयुष्यं पुरली नसती. म्हणून बनबिहारी निंबकर आणि त्यांचे सहकारी डॉ. प्रदीप घळसासी यांनी देशात इतरत्र शोध घेतला, आणि तो सुंदरबनात जाऊन थांबला.

गरोळ ही सुंदरबनातली मेंढी. दखनीशेजारी उभी केली तर कोकरूच वाटावी; पूर्ण वाढलेल्या मेंढीचं वजन दहा ते चौदा किलो. 1993 साली घळसासी आणि निंबकर यांनी तिच्यावर निबंध लिहिला तेव्हा तिला ‘सूक्ष्म मेंढी’ म्हटलं. भरतीचं खारं पाणी, चिखल, भातखाचरं, दमट हवा हे सगळं मेंढीला मारक म्हणून आपण सांगतो, आणि गरोळ नेमकी त्यातच वाढते. गुडघाभर पाण्यात उभी राहून चरते. पाळणारी माणसं बहुतेक भूमिहीन किंवा बिघा-दोन बिघ्यांची, घरी दोन-चार मेंढ्या, चाऱ्यावर वेगळा खर्च नाही. आणि ही एवढीशी मेंढी एका वेताला दोन कोकरं सहज देते, तीनही देते. कोकरू जन्मतं किलोभराचं. दखनीचं एकुलतं कोकरू तीन किलोच्या आसपास भरतं.

बंगालच्या लोकांना यात नवल नव्हतं. जगाला मात्र ही मेंढी दोनशे वर्षांपूर्वीच भेटली होती, फक्त तिची ओळख पुसली गेली होती.

सिडनीची वसाहत 1788 साली वसली. पहिल्या जहाजांबरोबर आलेली मेंढरं थोडी होती, आणि तीही भराभर संपली. अन्नाची ओढाताण होती आणि सगळ्यात जवळचं मोठं ब्रिटिश बंदर कलकत्ता. 1792 आणि 1793 मध्ये तिकडून जहाजांवर बंगाली मेंढ्या गेल्या. ऑस्ट्रेलियाच्या लोकर-उद्योगाचे जनक म्हणून ज्यांचं नाव घेतलं जातं त्या जॉन मॅकार्थर यांचा कळपही साठ बंगाली मेंढ्या-कोकरांपासून सुरू झाला. 1797 मध्ये केप ऑफ गुड होपकडून मेरिनो आल्या. त्यांच्या तलम लोकरीपुढे बंगाली मेंढीच्या केसाळ अंगाला कोण विचारतो? मेरिनो मेंढे तिच्यावर घालत गेले, पिढीगणिक बंगाली रूप पुसत गेलं, आणि शे-दीडशे वर्षांत ऑस्ट्रेलियाच्या कळपांत दिसायला फक्त मेरिनो उरली.

रूप गेलं, पण रक्तात काहीतरी शिल्लक होतं. न्यू साउथ वेल्समध्ये कूमा गावाजवळ ‘बुरूला’ नावाचं एक मेंढवाड आहे. तिथल्या सीअर्स बंधूंच्या मेरिनो कळपात जुळी, तिळी, क्वचित चार-पाच कोकरं एकदम होत. दुसऱ्या कुणी हे दुर्लक्षिलं असतं. मेरिनोवाल्याला लोकरीशी मतलब. या भावांनी अशा मेंढ्या वेगळ्या काढून त्यांचाच कळप वाढवला. 1958 साली त्यांनी एका वेताच्या पाच कोकरांपैकी एक मेंढा सरकारी संशोधन संस्थेला भेट दिला. तो ज्यांच्याकडे गेला त्या हेलन न्यूटन टर्नर. सिडनी विद्यापीठातून त्यांनी वास्तुशास्त्राची पदवी घेतली होती, पण मंदीच्या काळात काम मिळेना म्हणून पशुवैद्यक प्रयोगशाळेत सेक्रेटरी म्हणून लागल्या. तिथं आकडेशास्त्र शिकल्या आणि पुढे मेंढीच्या आनुवंशिकतेतलं जगातलं मोठं नाव झाल्या. या विषयात मला सगळ्यात जास्त आदर वाटतो तो यांच्याबद्दल. लोकरीच्या देशात राहून ‘कोकरं मोजा’ असं त्या वर्षानुवर्षं सांगत राहिल्या.

बुरूलाच्या मेंढ्यांचं गूढ 1980 च्या आसपास उकलू लागलं. ऑस्ट्रेलियात लॉरी पायपर आणि बर्नार्ड बिंडन, न्यूझीलंडमध्ये जॉर्ज डेव्हिस यांनी नोंदी तपासल्या तर आकडे सलग पसरलेले दिसेनात, त्यांचे गट पडत होते. काही मेंढ्या एक बीज सोडत, काही दोन-तीन, काही त्याहून जास्त, आणि लेकी-नातींमध्ये हे गट ठराविक प्रमाणात उतरत. पुष्कळ जनुकांनी थोडाथोडा हातभार लावला असता तर असं दिसलं नसतं. हे एकाच जनुकाचं काम होतं. शेतीच्या जनावरात उत्पादनाचा एवढा मोठा गुण एका जनुकावर टांगलेला सापडणं ही तेव्हा जवळजवळ अशक्य मानलेली गोष्ट होती. त्याला नाव पडलं ‘फेक-बी’. फेक म्हणजे प्रजननक्षमता, बी म्हणजे बुरूला. बंगाल त्या नावात कुठंच नव्हता. टर्नर यांनी मात्र 1982 मध्ये जुन्या जहाजांच्या आणि कळपांच्या नोंदी जुळवून शंका मांडली की हा गुण 1792-93 च्या बंगाली मेंढ्यांमधून आलेला असावा.

हे जनुक करतं काय ते थोडक्यात सांगतो. मेंढीच्या अंडाशयात बीजं धरणाऱ्या बारीक पुटिका असतात. एरवी दर माजाला त्यांतली एक पुढे निघते, मोठी होते, आणि बाकीच्या तिच्यापुढे माघार घेतात. ही शिस्त राखायला शरीरातले संदेश लागतात, आणि संदेश झेलायला पेशीवर ग्राहक असतात. त्यांतल्या एका ग्राहकाच्या साखळीतला 249 वा दुवा या मेंढ्यांत बदललेला असतो. ग्लुटामिनच्या जागी आर्जिनिन. एवढ्या एका अक्षराच्या फरकाने संदेश मंदावतो. मग पुटिका मोठ्या होण्याआधीच पिकतात, आणि एकीऐवजी दोन, तीन, चार एकाच वेळी बीज सोडतात. 2001 मध्ये न्यूझीलंड, फ्रान्स आणि स्कॉटलंड इथल्या तीन गटांनी वेगवेगळं काम करून हाच बदल शोधून काढला.

तोवर एखाद्या मेंढीत हे जनुक आहे की नाही हे ओळखणं किती जिकिरीचं होतं ते समजून घेतल्याशिवाय त्या शोधाचं मोल कळत नाही. मेंढीला उपाशी ठेवायची, पाळण्यावर उताणी बांधून मागची बाजू वर करायची, भूल द्यायची, पोटाला बारीक छेद देऊन दुर्बीण आत सारायची आणि अंडाशयावरचे पीतपिंड मोजायचे. बीज सुटलेल्या प्रत्येक जागी एक छोटा उंचवटा उरतो. एक दिसला तर एक बीज, तीन दिसले तर तीन. बरं, हे झालं मादीचं. मेंढ्याचं काय? त्याला अंडाशय नाही. त्याच्या लेकी जन्मून, वाढून, माजावर येईपर्यंत थांबायचं आणि त्यांची पोटं तपासायची. एक मेंढा पारखायला दोन-तीन वर्षं जात. 2001 नंतर रक्ताचा एक थेंब पुरू लागला, आणि कोकरू चार दिवसांचं असलं तरी चालू लागलं.

त्याच सुमारास जगातल्या जास्त पिलं देणाऱ्या मेंढ्यांची तपासणी झाली. आठ देशांतल्या जातींचे नमुने पाहिले गेले, आणि 2002 साली निष्कर्ष छापून आला. बुरूला मेरिनोतला बदल, नेमका तोच, गरोळ मेंढीत होता, आणि जावातल्या मेंढीतही. टर्नर यांची वीस वर्षांपूर्वीची शंका खरी ठरली. त्या स्वतः 1995 मध्येच गेल्या होत्या. निबंधाच्या लेखकांच्या यादीत बनबिहारी निंबकर, घळसासी आणि चंदा निंबकर ही फलटणची तीन नावं आहेत. पुढे चीनमधल्या हू आणि आखूडशेपटी हान मेंढ्यांत आणि ओडिशातल्या केंद्रपाडा मेंढीतही हा बदल सापडला.

फलटणचं काम या शोधासाठी थांबून राहिलेलं नव्हतं. 1990 च्या दशकात गरोळ मेंढे संस्थेच्या कळपात आले होते आणि दखनीशी संकर सुरू झाला होता. ऑस्ट्रेलियाच्या आंतरराष्ट्रीय कृषी संशोधन केंद्राचं साहाय्य होतं. आर्मिडेलचं न्यू इंग्लंड विद्यापीठ आणि मेलबर्न विद्यापीठ सोबत होती. चाचणी हाती आल्यावर पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. विद्या गुप्ता यांच्या गटाने ती बसवली. म्हणजे फलटणला कोकराचं रक्त काढायचं आणि उत्तर पुण्यात मिळवायचं.

गरोळचं जनुक हवं होतं, गरोळची शरीरयष्टी नको होती. पहिला संकर निम्मा गरोळ. एवढं छोटं जनावर लोणंदच्या बाजारात व्यापारी हातात धरणार नाही. म्हणून संकरित मादीवर पुन्हा दखनी मेंढा, तिच्या पिलांवर पुन्हा दखनी. गरोळचा अंश निम्म्यावरून पाव, पावावरून अष्टमांश. प्रत्येक पायरीला निम्म्या कोकरांत जनुक उतरतं आणि निम्म्यांत हरवतं. ज्यांत उतरलं ती ओळखून ठेवायची, बाकीची बाजूला काढायची. या पायऱ्या चढता चढता शेवटी दिसायला, वजनाला, चालायला दखनी, पण जुळं देणारी मेंढी उभी राहिली. तिला नाव मिळालं ‘नारी सुवर्णा’. दखनीशिवाय बन्नूर आणि माडग्याळ यांचंही रक्त या कामात वापरलं गेलं, आणि दुधासाठी इस्रायलची अवासी. इस्रायलमध्ये बुरूला मेरिनोचं हेच जनुक अवासीत आधीच घातलं गेलं होतं, हाही या जनुकाच्या प्रवासातला एक मुक्काम.

खरी परीक्षा संस्थेच्या कुंपणाबाहेर होती. जनुकाच्या दोन प्रती असलेला मेंढा धनगराच्या कळपात सोडला की त्याच्या प्रत्येक लेकीत एक प्रत येते. मेंढे दिले गेले, लेकींच्या कानात बिल्ले बसले, त्यांची वेतं नोंदली गेली, कोकरं काट्यावर टांगून तोलली गेली, लसी टोचल्या गेल्या. एक प्रत असलेल्या मेंढीला सरासरी दीड कोकरू होतं. म्हणजे जवळपास निम्म्या वेतांना जुळं, कधी तिळं, उरलेल्यांना एकच.

माझ्या मते फलटणच्या कामाचं मर्म पुढच्या निर्णयात आहे. दोन प्रती असलेल्या मेंढीला आणखी जास्त कोकरं होतात. मेरिनोत एक प्रत सरासरी दीड बीज वाढवते आणि दोन प्रती सुमारे तीन. आकड्यांचा मोह धरला असता तर सगळ्या मेंढ्या दोन प्रतींच्या करायच्या असं ठरलं असतं. पण मेंढीला सड दोनच. तिळ्यांतलं तिसरं कोकरू दीड किलोचंही भरत नाही, उभं राहायला वेळ लावतं, पहिला चीक वेळेवर पोटात जात नाही, आणि थंडीच्या एका रात्रीत दगावतं. मरणारी कोकरं जन्माला घालून मेंढी झिजते आणि धनगरणीचे हात अडकतात. म्हणून कळपातल्या माद्यांत एकच प्रत असावी असं ठरलं. एका प्रतीच्या मेंढीवर पुन्हा दोन प्रतींचा मेंढा घातला की निम्म्या लेकी दोन प्रतींच्या निघतात, तेव्हा मेंढा कुठला कुणावर सोडायचा याचं भान कायम ठेवावं लागतं. जन्मलेली कोकरं मोजायची नाहीत, तीन-चार महिन्यांची होऊन विक्रीला उभी राहिलेली मोजायची, हा दंडक पाळला गेला. त्या मोजणीत फायदा जन्माच्या आकड्याइतका मोठा दिसत नाही, पण दिसतो, आणि टिकतो.

हे सगळं धनगरांच्या वाड्यावर, म्हणजे त्यांच्या फिरत्या तळावर, कसं उतरतं? दिवाळीनंतर कळप बाहेर पडतो. कुणी भीमेकडे जातं, कुणी घाट उतरून कोकणात. रात्री एखाद्याच्या रानात वाघूर, म्हणजे जाळीचं कुंपण, लावून मेंढरं कोंडायची, पहाटे लेंड्या तिथंच सोडून पुढे निघायचं. पुरुष मेंढरं घेऊन चरायला जातात. वाडा हलवणं, घोड्यावर बिऱ्हाड आणि कोवळी कोकरं लादणं, नव्या जागी चूल मांडणं, हे बाईचं काम. संध्याकाळी कळप परत आला की एकच गलका होतो. शंभर आया आणि शंभर कोकरं एकदम ओरडतात, आणि कुठलं कुणाचं हे बाईला पाठ असतं. जुळ्यातलं थोरलं ढुशा देऊन सड पकडतं. धाकटं मागे राहतं. मग ती मेंढीला मांड्यांत धरते, थोरल्याला कोपराने लोटते आणि धाकट्याच्या तोंडात सड देते. आईला दूध कमीच असेल तर शेळीखाली लावते. मेंढरांच्या कळपात चार शेळ्या ठेवण्याचं एक कारण हेही आहे. जनुकाने दिलेलं दुसरं कोकरू जगतं ते या अर्ध्या तासात. संशोधनाच्या अहवालात याला ‘व्यवस्थापन’ म्हणतात. प्रत्यक्षात ती एका बाईची मेहनत आहे, दिवसभर ओझी उचलल्यानंतरची, आणि जुळी वाढली की ती वाढते. कोकरांच्या विक्रीचा पैसा घरात येतो तेव्हा त्यातला तिचा वाटा मोजला जावा असं मला मनापासून वाटतं.

म्हणूनच हे जनुक सगळ्यांना सारखं मानवलं नाही. लांब पल्ल्याच्या भटकंतीवर, जिथं वाडा रोज हलतो, तिथं जुळं जड जातं. ज्यांच्याकडे थोडीफार बागायत आहे, मका-घास-ज्वारीचा कडबा आहे, वीस-तीस मेंढ्या घरापाशी ठेवून गाभणपणात वरखाद्य घालता येतं, त्यांना ते लाभतं. गेल्या काही वर्षांत अशा अर्धबंदिस्त पालकांची संख्या वाढते आहे आणि नारी सुवर्णाचे मेंढे कर्नाटकातही गेले आहेत. राजस्थानात अविकानगरच्या केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्थेने गरोळ मेंढे मालपुरा मेंढ्यांवर घातले, पुढे त्यात पाटणवाडी मिसळून ‘अविशान’ ही जुळी देणारी जात तयार केली.

10 ते 12 नोव्हेंबर 2008 या दिवसांत पुण्यात या एका जनुकावर आंतरराष्ट्रीय परिषद भरली. ती हेलन न्यूटन टर्नर यांच्या स्मरणार्थ होती. ऑस्ट्रेलिया, इस्रायल आणि भारतातल्या संशोधकांनी आपापले कळप मांडले. ज्या जनुकाला ऑस्ट्रेलियातल्या एका मेंढवाडाचं नाव मिळालं, त्याच्यावरची परिषद पुण्यात भरावी आणि तीत धनगरांच्या कळपातल्या नोंदी पुराव्यादाखल वाचल्या जाव्यात, याचा मराठी माणसाला अभिमान वाटायला हरकत नाही. आपल्याकडे या घटनेची चर्चा फारच थोडी झाली.

त्यानंतर काही महिन्यांतच, मे 2009 मध्ये, आयला वादळ सुंदरबनावर आलं. बांध फुटले, खारं पाणी गावांत शिरलं, माणसांबरोबर हजारो जनावरं वाहून गेली. 2020 मध्ये अम्फान आलं. गरोळ पाळणारी माणसं तीच, दोन-चार मेंढ्यांची, आणि आता तिकडेही जास्त मांसासाठी मोठ्या जातींशी संकर होतो आहे. जुळ्याचं जनुक आता फलटणला, अविकानगरला, ऑस्ट्रेलियात, चीनमध्ये आहे. ते हरवणार नाही. पण फलटणच्याच प्रयोगांत आणखी एक गोष्ट दिसली होती. गरोळच्या संकरित कोकरांच्या लेंडीत पोटातल्या जंतांची अंडी दखनीच्या कोकरांपेक्षा कमी सापडत होती. जंताशी झुंजण्याचा हा गुण, ओल्या जमिनीत खुरं शाबूत ठेवण्याचा गुण, एका जनुकावर टांगलेला नाही. तो अनेक जनुकांत विखुरलेला आहे, आणि दखनीशी उलट संकर करत अष्टमांशापर्यंत येताना बराचसा गळून जातो. कोकणात, घाटमाथ्यावर, जव्हार-मोखाड्यासारख्या पावसाच्या मुलखात उद्या कुणी मेंढी नांदवायची म्हटली तर जुळ्यापेक्षा या गुणाची गरज जास्त पडेल. तो रक्ताच्या थेंबावरून एका चाचणीत ओळखता येत नाही, बाटलीत भरून दुसऱ्या जातीत ओतता येत नाही. त्यासाठी सुंदरबनातल्या चिखलात चरणारी शुद्ध गरोळच शिल्लक राहावी लागेल.